मसाजचं ‘सरकारी लायसन्स’ विकणाऱ्यांपासून सावध राहा

अमळनेर, पारोळा, चोपडा, धरणगाव भागात बाळ-बाळंतिणीची मालिश करणाऱ्या बायांना सध्या फोन येत आहेत. “ताई, नियम कडक झालेत. लायसन्स नसेल तर यापुढे घरोघरी जाऊन मालिश करता येणार नाही. पोलीस केस होईल.” मलाही असाच फोन आला होता. जळगावच्या एका संस्थेनं माझ्याकडून ₹50,000 घेतले. त्यातले 38,000 कोर्सचे आणि 12,000 ‘लायसन्स फी’चे. हे पैसे बचत गटातून कर्जाऊ काढलेले होते, त्याचे हप्ते मी आजही भरते आहे. माझ्या बॅचमधल्या कुणी पोत गहाण ठेवली होती, कुणी कापसाच्या पट्टीतून, म्हणजे कापूस विकून आलेल्या रकमेतून, पैसे बाजूला काढले होते.

शिकवलं काय, तर भिंतीवरच्या तक्त्यातली स्नायूंची नावं आणि मोबाइलवरचे व्हिडिओ. बाळाची टाळू भरलेली नसते, तिथे दाब द्यायचा नसतो, हे उलट आम्हीच शिकवणाऱ्या मॅडमला सांगितलं. आमच्यातल्या दोघी-तिघी पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करणाऱ्या घरातल्या. सव्वा महिना बाळंतिणीची अंघोळ, शेक-शेगडी, तिळाचं तेल हे सगळं त्यांच्या हातातलं. अशा बायांना ‘तुम्ही बेकायदेशीर आहात’ म्हणून घाबरवायचं आणि त्यांच्याकडूनच पैसे उकळायचे, याची मला सगळ्यात जास्त चीड येते.

शेवटी जो कागद हातात आला तो दिसायला भारी होता. जाड कागद, सोनेरी शिक्का, वर तीन सिंहांची मुद्रा आणि मोठ्या अक्षरात ‘भारत सरकार नोंदणीकृत’. खाली नीती आयोग, एमएसएमई (केंद्राचं लघुउद्योग खातं) आणि आयएसओ अशी तीन नावं. धुळ्याच्या एका वैद्यांकडे पंचकर्माच्या कामासाठी गेले, तेव्हा त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, “हाऊ कागद काहीच कामना नही, बहीन.” मग एकेक गोष्ट त्यांनी समजावून सांगितली आणि मी नंतर ती स्वतः तपासली.

नीती आयोगाच्या दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या पोर्टलवर कोणतीही ट्रस्ट नाव नोंदवू शकते; तिच्या कोर्सला त्यानं मान्यता मिळत नाही. एमएसएमईची उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट होते, मिरची कांडप यंत्रवाल्यालाही ती मिळते. आयएसओचं प्रमाणपत्र खासगी कंपन्या देतात, ते संस्थेच्या कामकाजाच्या पद्धतीचं असतं, मालिश कशी शिकवली याचं नसतं. कागदावरचा क्यूआर कोड स्कॅन केला तर संस्थेचीच वेबसाइट उघडते. आणि सिंहमुद्रा अशी परवानगीशिवाय वापरणं हा 2005 च्या राजचिन्हविषयक कायद्यानं गुन्हा आहे.

मुख्य गोष्ट नीट लक्षात घ्या. महाराष्ट्रात मालिश करणाऱ्या व्यक्तीला लायसन्स देणारं कुठलंही सरकारी मंडळ नाही. फिजिओथेरपिस्टसाठी राज्य परिषद आहे, पण तिथे नोंदणीला फिजिओथेरपीचं रीतसर शिक्षण लागतं. आयुर्वेदिक डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे होते. जे लायसन्सच अस्तित्वात नाही, त्याची फी कसली? दुकान थाटायचं असेल तर शॉप ॲक्टचं बघावं लागतं. 2017 च्या कायद्यानं कामगार थोडेच असतील तर फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. तीही जागेची आणि धंद्याची, तुमच्या हाताच्या कसबाची नव्हे.

त्याहून धोक्याचं म्हणजे संस्था बायांना ‘थेरपी क्लिनिक’चा बोर्ड लावायला सांगते. सायटिका, गुडघेदुखी, लकवा यांवर ‘उपचार’ करा म्हणते. त्या कागदाच्या जोरावर असा बोर्ड लावला तर 1961 च्या महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियमाच्या कलम 33 खाली बोगस डॉक्टर म्हणून गुन्हा तुमच्यावर दाखल होऊ शकतो. संस्थेचा माणूस तेव्हा फोनही उचलणार नाही. तुम्ही मालिश करता तर मालिशच म्हणा, आजार बरा करते असं कुठेही लिहू नका.

‘लायसन्स दाखवलं की विश्वकर्मा योजनेत तीन लाख मिळतात’ हेही आम्हाला सांगितलं होतं. पीएम विश्वकर्मा या कारागिरांसाठीच्या योजनेत 18 व्यवसाय आहेत, न्हावी आहेत, परीट आहेत, शिंपी आहेत. मालिश त्यात नाही.

खरंच शिकायचं असेल तर स्पा थेरपिस्ट किंवा पंचकर्म टेक्निशियनचे कोर्स राष्ट्रीय कौशल्य चौकटीत आहेत. संस्थेला त्या कोर्सचा क्वालिफिकेशन कोड मागा आणि एनसीव्हीईटीच्या (व्यवसाय शिक्षणाची राष्ट्रीय परिषद) यादीत तो स्वतः बघा. कोड सांगायला टाळाटाळ झाली की उठून या. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेतलं प्रशिक्षण मोफत असतं, तिथे कुणी फी मागत असेल तर तीही फसवणूकच. हे कोर्स केल्यावरही मिळतं ते प्रमाणपत्र, नोकरी मागताना उपयोगी पडणारं.

आता पावतीचं. आम्हाला दिलेल्या पावतीवर बारीक अक्षरात ‘देणगी’ छापलेलं आहे. पैसे परत मागायला गेलो तर उत्तर आलं, “देणगी परत होत नसते.” पण माझ्याकडे फोनपेचे व्यवहार आहेत आणि ‘लायसन्स फी 12,000, शेवटची तारीख उद्या’ असा त्यांचाच व्हॉट्सॲप मेसेज आहे. त्यावर मी जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली. ₹5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, पण तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 (फसवणूक) खाली अर्जही दिला आहे. आधी काही विचारून घ्यायचं असेल तर 1915 ही ग्राहक हेल्पलाइन मराठीत बोलते.

तक्रार दिल्याचं कळल्यापासून संस्थेचा माणूस घरोघर फिरून ‘नवीन पावती बनवून देतो, जुनी द्या’ म्हणतो आहे. जुनी पावती, मूळ प्रमाणपत्र, काहीही त्याच्या हातात देऊ नका. फोटो मागितला तरी देऊ नका, आणि मोबाइलमधले मेसेज पुसू नका.