गच्चीसाठी विटांचा कोबा की पांढरं कोटिंग?

अकोल्याच्या आमच्या जुन्या घरावर विटांचा कोबा होता, म्हणजे स्लॅबवर विटांचे तुकडे सिमेंटमध्ये बसवून केलेला जाड थर. नागपूरच्या घरावर मी पांढरं ॲक्रेलिक कोटिंग केलं. दोन्हींखाली बरेच उन्हाळे काढलेत, त्या अनुभवावरून सांगतो. डांबरी शीटचा मी विचार केला नव्हता, म्हणून तिच्याबद्दल बोलत नाही.

जाणत्या मिस्त्रीने केलेला कोबा दणकट असतो. उतार त्यातच निघतो, पॅरापेटच्या कडेला गोल वाटा (कठडा आणि गच्ची यांच्या सांध्यातली गोलाई) घेता येतो. वर चायना मोझॅक (फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांची फरशी) असलं की कुरडया वाळवा, रात्री खाटा टाका, त्याला काही होत नाही.

पण तो एकदा गळायला लागला की मूळ सापडत नाही. आमच्याकडे थेंब स्वयंपाकघरात पडायचे. त्याच्या बरोबर वरची जागा फोडली, तर तिथे काहीच नव्हतं. पाणी शिरत होतं पार दुसऱ्या टोकाला, वाट्याच्या फटीतून. विटांच्या तुकड्यांतून सरकत ते स्लॅबच्या चिरेपर्यंत यायचं आणि तिथून खाली. पाऊस थांबून आठवडा झाला तरी विटांत मुरलेलं पाणी टपकत राहायचं. दुरुस्ती जमली की नाही, हे कळायला पुढच्या मृगापर्यंत थांबायचं. असे दोन पावसाळे गेले, अर्धी गच्ची फुटली, आईने पातेली मांडून स्वयंपाक केला. नागपूरला कोबा नको, हे तेव्हाच ठरलं.

कोटिंगचं दुखणं डोळ्यांसमोर असतं. १० मीटर लांबीचा स्लॅब ३० अंशांनी तापला की साधारण ३ मिलिमीटर वाढतो आणि गार झाला की आकसतो, त्यामुळे विदर्भात चिरा पडणारच. पण पांढऱ्यावर त्या लगेच दिसतात. चीर भरायची, जाळी लावायची, वरून दोन हात मारायचे, एका सकाळचं काम. खालची खोलीही मला कमी तापलेली वाटते.

अर्थात ते फार टिकत नाही. मला चौथ्या वर्षी पुन्हा करावं लागलं. पाणी साचणाऱ्या जागी ते आधी सुटतं, म्हणून उतार नीट नसेल तर कोबाच बरा. काम फेब्रुवारीत करा. मे महिन्यातल्या तापल्या स्लॅबवर वरचा थर लगेच सुकतो आणि खाली फुगे धरतात.

उन्हाळ्यात पाणी भरून तपासणार असाल, तर त्याच पाण्यात एक पसरट घमेलं तेवढ्याच पातळीपर्यंत भरून ठेवा. घमेल्यातलं पाणी फक्त उन्हाने कमी होतं. गच्चीवरचं त्याहून जास्त उतरलं, तरच गळती समजा.