सेंद्रिय: पाकिटातलं घ्यावं की ओळखीच्या शेतकऱ्याचं?

सेंद्रिय घ्यायचं ठरवलं की समोर दोन पर्याय येतात: दुकानातलं शिक्केवालं पाकीट, नाहीतर आठवडे बाजारात बसणारा शेतकरी. माझं मत आधीच सांगते. डाळ-तांदूळ पाकिटातून, भाजी माणसाकडून.

पाकिटावर ‘जैविक भारत’चा शिक्का बघा. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१७ मध्ये सेंद्रिय अन्नाचे नियम केले, तेव्हापासूनचा तो. त्यामागे दोनपैकी एक प्रमाणीकरण असतं. एनपीओपीत, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमात, त्रयस्थ संस्था तपासणी करते. रासायनिक शेतीतून बाहेर पडताना हंगामी पिकांना साधारण दोन आणि फळबागांना तीन वर्षं थांबावं लागतं. पीजीएस-इंडियात, म्हणजे सहभागी हमी पद्धतीत, किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं तपासतो. ‘पीजीएस-ग्रीन’ म्हणजे जमीन अजून त्या वाटेवर आहे, त्याला पूर्ण सेंद्रियचा भाव देऊ नका. नुसतं ‘नॅचरल’ किंवा ‘फार्म फ्रेश’ लिहिलेलं असेल तर ती जाहिरात समजा.

शेतकऱ्याकडे शिक्का नसला म्हणून तो खोटा ठरत नाही. थेट ग्राहकाला विकणाऱ्या, वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या लहान उत्पादकाला प्रमाणपत्रातून सूट आहे. मग परीक्षा आपणच घ्यायची. कीड आली की काय फवारता, असं विचारा. ‘काहीच नाही’ म्हणून मोकळा होणाऱ्यापेक्षा निंबोळी अर्क, दशपर्णी, चिकट सापळे असं सांगणारा आणि यंदा कोबी हातचा गेला म्हणून कुरकुरणारा मला जास्त खरा वाटतो. बाराही महिने फ्लॉवर, मटार, टोमॅटो सगळं ‘आमच्याच शेतातलं’ असेल, तर माल मार्केट यार्डातून आलाय का, अशी शंका घ्यायला हरकत नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ गुळात. पिवळाधमक गूळ बऱ्याचदा हायड्रॉस पावडर या रसायनाने उजळलेला असतो. ‘केमिकल फ्री’ गूळ तपकिरी, काळपट. त्यात रसाची मळी काढायला रानभेंडीचा चिकट रस वापरतात. पण तो गूळ सेंद्रिय असेलच असं नाही, कारण ऊस युरियावर वाढलेला असू शकतो. रंगावरून फार तर काहिलीत काय घडलं याचा अंदाज येतो, शेतात काय पडलं याचा नाही. (पाक जास्त कढला तरी गूळ काळाच होतो!) सेंद्रियचे पैसे मोजणार असाल तर इथे शिक्का हवाच.

द्राक्षांवरचं ‘रेसिड्यू फ्री’ हे आणखी तिसरंच. तिथे औषधं फवारलेली असतात, पण काढणीआधी ठरलेले दिवस सोडून अवशेष तपासलेले असतात. भुरी आणि डावणी या रोगांपुढे पूर्ण सेंद्रिय द्राक्षबाग टिकवणं फार अवघड, त्यामुळे द्राक्षांपुरता हा पर्याय मला पटतो. तपासणीचा अहवाल मात्र मागा.

जीवनसत्त्वं जास्त मिळतील म्हणून घेत असाल, तर तो फरक ठामपणे सिद्ध झालेला नाही. कीडनाशकांचे अवशेष मात्र सेंद्रिय मालात कमी सापडतात. म्हणून हात आखडता असेल तर सुरुवात पालेभाज्या आणि ढोबळी मिरचीपासून करा. नारळ, फणस, कलिंगड यांची साल जाड, ती नेहमीचीच चालतील.

आणि सेंद्रिय डाळी-तांदूळ वर्षाचे भरून ठेवू नका. साठवणीत रासायनिक धुरी चालत नसल्याने किडे लवकर होतात. पावसाळ्यात तर महिन्याला पुरेल एवढंच आणा.