आडनाव बदलते कसे, हे दाखवणारी सेवा: पंचवटीतील क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या

नाशिकला रामकुंडाच्या परिसरात क्षेत्रोपाध्यायांच्या, म्हणजे तीर्थक्षेत्रातील पिढीजात पुरोहितांच्या घरी यजमानांच्या वंशावळींच्या वह्या पिढ्यानपिढ्या सांभाळल्या जातात, हे बहुतेकांना ऐकून ठाऊक असते. परंतु श्राद्धकर्म आटोपल्यावर आपले नाव त्यांत लिहून घेण्यापलीकडे त्यांच्याकडे कोणी फारसे वळत नाही. गेल्या पितृपक्षात मी मात्र या वह्या पाहण्यासाठीच पंचवटीत दोन दिवस राहिलो. आम्ही आज पाटील लावतो, पण आमच्या आजी 'आपण मूळचे देवरे' असे सांगत असत, आणि हा बदल नेमका कधी झाला हे घरात कोणालाच सांगता येत नव्हते.

त्याआधी मी आडनावांची संख्या सांगणारे एक संकेतस्थळ वापरून पाहिले होते. तेथे आडनाव टाकले की जगभरात त्या आडनावाची किती माणसे आहेत याचा आकडा क्षणात समोर येतो, मात्र सारी मोजणी रोमन लिपीत होते. त्यामुळे काळे आणि काले, पठारे आणि पाथरे ही निरनिराळी कुळे एकाच रकान्यात बसतात, तर एकच चौधरी स्पेलिंगप्रमाणे तीन-चार ठिकाणी विखुरला जातो. शिवाय तो आकडा आजचा असतो; तो वाढत आला की घटत आला, आणि कशामुळे, याचा त्यातून काहीच बोध होत नाही.

पंचवटीतील गुरुजींनी बसायला पाट दिला आणि पहिलाच प्रश्न केला, "गाव सांगा. आडनावाचं नंतर बघू." या वह्या गावांप्रमाणे लावलेल्या असतात, आणि आडनाव बदलूनही माणूस सापडतो तो त्याच मांडणीमुळे. बागलाण तालुक्यातील आमच्या गावाचे लाल फडक्यात बांधलेले दप्तर त्यांनी सोडले. आतली वही लांबट, शाई तपकिरी पडलेली, कडा बोटांनी मऊ झालेल्या. शके 1833 ची, म्हणजे 1911 ची नोंद मोडी लिपीत होती आणि ती गुरुजींनी सावकाश, एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचून दाखवली. तीन भाऊ, तिघेही देवरे. फक्त थोरल्याच्या नावापुढे 'मौजे मजकूरचे पाटील', म्हणजे याच गावचे पाटील, एवढे जादा. तेथे पाटील हे आडनाव नव्हे, हुद्दा होता. पुढची नोंद शके 1872 ची, म्हणजे 1950 ची. तीत थोरल्याच्या मुलांनी आपल्या हाताने बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, सही केली आहे ती नुसती 'पाटील' अशी. मधल्याचे वंशज देवरेच राहिले. धाकट्याच्या नावाखाली रेघ ओढून जागा कोरी सोडलेली आहे, कारण त्याला मुलगा नव्हता.

ते एक पान पाहताना आडनावांच्या साऱ्या घडामोडी माझ्यासमोर उलगडल्या. एक आडनाव वाढले, पण ते जन्मांमुळे नव्हे, तर हुद्दा नावाला चिकटल्यामुळे. म्हणूनच आज निरनिराळ्या जातींत, एकमेकांशी रक्ताचे नाते नसलेले लाखो पाटील आहेत. परगणे व कुलकर्णी वतने, म्हणजे वंशपरंपरेने चालणारे हुद्दे, 1950 च्या कायद्याने आणि पाटीलकी 1962 च्या कायद्याने संपली, तरी पाटील आणि कुलकर्णी ही दोन्ही आडनावे ठामपणे टिकली. 'कर' लागणाऱ्या आडनावांचे उलट असते: गावात राहणाऱ्याला गावाच्या नावाने ओळखण्याचे कारण नसते, म्हणून नाशिककर होण्यासाठी आधी नाशिक सोडावे लागते. आणि धाकट्या भावाच्या त्या कोऱ्या जागेबद्दल सांगायचे, तर आडनावे अशी का विझतात हा प्रश्न इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी 1873 साली इंग्लंडमध्ये जाहीरपणे मांडला आणि गणितज्ञ हेन्री वॉटसन यांनी त्याला गणिताने उत्तर दिले. त्या गणितानुसार पुरुषामागे सरासरी एक किंवा त्याहून कमी मुलगे असतील, तर आज ना उद्या प्रत्येक आडनाव संपतेच. आपल्याकडे दत्तकाची चाल होती तिचा अर्थ मला त्या पानावर अधिक कळला.

सेवेत उणिवा आहेत आणि त्या सांगायलाच हव्यात. जुन्या नोंदींत मुलींची नावे जवळजवळ नाहीतच. धाकट्या भावाला तीन मुली होत्या, हे मला आजीकडून माहीत होते, वहीतून ते कधीच कळले नसते. मोडी वाचणारे त्या घरात आता एकटे वयस्कर गुरुजीच उरले आहेत. पानांचे छायाचित्र काढू देत नाहीत, हाताने उतरवून घ्यावे लागते, आणि पितृपक्षातील गर्दीत त्याला निवांतपणा मिळत नाही. तेव्हा माघ-फाल्गुनात जावे हे बरे. दक्षिणा ठरलेली नव्हती, मागणीही झाली नाही. जाताना आजोबा-पणजोबांची नावे आणि गावाच्या जुन्या तालुक्याचे नाव सोबत असावे. तेवढ्यावर आमचे दप्तर दहा मिनिटांत निघाले.

शेवटी आमची नोंद करताना गुरुजींनी लेखणी थांबवून विचारले, "आडनाव कोणतं घालू?" मी 'पाटील, मूळ देवरे' असे लिहायला सांगितले आणि मुलाच्या आधी माझ्या दोन्ही मुलींची नावे सांगितली. त्यांनी ती त्याच क्रमाने लिहिली.