आरटीएल-एसडीआर व्ही४: कोल्हापुरात वापरताना
एसडीआर म्हणजे संगणकाच्या सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ. तो घरोघरी पोहोचला, त्यात आरटीएल-एसडीआर या स्वस्त यूएसबी डोंगलचा वाटा मोठा. त्याची व्ही४ आवृत्ती ५०० किलोहर्ट्झ ते १.७६६ गिगाहर्ट्झ ऐकते, प्रक्षेपण मात्र करत नाही. सिग्नलचे आकडे करणारा एडीसी फक्त ८ बिटचा, म्हणून शहरात एफएम केंद्रांच्या दणक्याने पडद्यावर खोटे सिग्नल उगवतात. आधी गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याचं प्रमाण, उतरवा. नाहीच भागलं तर ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ अडवणारा फिल्टर लावा.

विंडोजवर झाडिग या ड्रायव्हर बसवणाऱ्या प्रोग्रामने डोंगलच्या इंटरफेस ०ला विनयूएसबी ड्रायव्हर द्यावाच लागतो. शिवाय व्ही४ला आरटीएल-एसडीआरचा जुना ड्रायव्हर चालत नाही, बहुतेकांचं घोडं इथेच अडतं.

उजळाईवाडी विमानतळाची विमानं पडद्यावर पाहायला १०९० मेगाहर्ट्झ लावा, विमानं आपली जागा तिथे कळवतात. डायपोल, म्हणजे दोन दांड्यांच्या अँटेनाची प्रत्येक दांडी ६.९ सेंमी, उभी, गच्चीवर. अँटेनाची केबल आखूडच ठेवा, लांबवायचीच तर यूएसबीची लांबवा. नकली माल बराच फिरतो, अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या.