सापेक्ष की निरपेक्ष? गुऱ्हाळावरून बघताना

बरं-वाईट हे ज्या-त्या समाजाच्या रीतीवर ठरतं, असं सापेक्षतावाद म्हणतो; ते सगळीकडं एकच, असं निरपेक्षतावाद. दोन्हीकडं काही वर्षं राहून बघितलंय, तेवढ्यावर लिहितोय.

कॉलेजात मी पक्का सापेक्षतावादी. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनं सांगितलेला इराणी बादशहा दारियसचा किस्सा वाचला आणि झालो. दारियसनं ग्रीकांना विचारलं, मेलेल्या बापाला खायचे किती पैसे घ्याल? आणि बापाला खाणाऱ्या कॅलाटिया जमातीच्या लोकांना विचारलं, जाळायचे किती घ्याल? दोघांनीही कानांवर हात ठेवले. असं काही वाचलं की दुसऱ्याच्या ताटाकडं बघून नाक मुरडायची सवय जाते. हा गुण मी आजही त्याच बाजूला देतो.

बिनसलं ते करवीर तालुक्यातल्या आमच्या गुऱ्हाळावर. काहिलीत, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईत, रानभेंडीचं पाणी टाकलं की मळी वर येते, ती काढली की गूळ स्वच्छ होतो. पण रंग तांबूसच. पिवळाधमक रवा, म्हणजे गुळाची ढेप, पाहिजे तर हायड्रोस या रंग उडवणाऱ्या रसायनाची पूड. एकदा पुडी फोडतानाच मी हात धरला, तर चुलते म्हणाले, "आरं, सगळीच घालत्यात. हितली रीतच हाय ती."

मला उत्तर सुचेना. रीत तीच नीती, हे मीच चार पोरांना पटवलेलं! सापेक्षतावादाची हीच एक कटकट मला सोसली नाही. रीतीबाहेर उभं राहून 'हे चुकतंय' म्हणायचं तर तो पाय ठेवायला जागा देत नाही. 1902 साली शाहू महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासांना 50 टक्के जागा राखल्या, त्या दरबारी रीत मोडूनच. मग त्या वेळेपुरते महाराज चुकले म्हणायचं का? कोल्हापुरात राहून तरी मला ते जमायचं नाही. पट्टीचा सापेक्षतावादी म्हणेल, रीत नेमकी कोणाची ते आधी ठरवा. ठरवू, पण तोवर पुडी काहिलीत पडलेली असते.

निरपेक्षतावादही धुतल्या तांदळाचा नाही. मित्राचा खून करायला आलेल्याशीही खोटं बोलू नये, असं जर्मन तत्त्वज्ञ कांट 1797 च्या निबंधात म्हणतो. ते माझ्या घशाखाली उतरत नाही. म्हणून मी ब्रिटिश तत्त्वज्ञ रॉसच्या जवळ जाऊन बसलो: कर्तव्यं खरीच, पण प्रसंगी एक दुसऱ्याला मागं सारतं. कडवे निरपेक्षतावादी त्याला आपल्या पंगतीला घेत नाहीत, ते सोडा.

राहिलं इच्छास्वातंत्र्य, म्हणजे माणसाला खरंच निवड असते का, हा प्रश्न. सौद्यात तांबूस गुळाला भाव कमी, डोक्यावर कर्ज. चुलत्यांना दुसरं काही करता येत होतं का? 'करायला हवं' म्हणताना 'करता येतं' हे कांटनं धरलेलंच आहे. त्यामुळं दोष द्यायच्या आधी मला त्यांची हिशेबाची वही उघडावी लागली. रीतीवर भागवलं असतं तर कशाला उघडली असती?

पुढच्या हंगामात दोन आधणं, म्हणजे काहिलीभर रसाचे दोन घाणे, बिनपुडीची काढली. भाव कमीच लागला. चुलते तांबूस रवा हातात घेऊन बराच वेळ उन्हात फिरवून बघत होते.