पेटी-घुंगरू दुरुस्ती, नांदेड: काम एक नंबर, बेल्ट सोडून

दसऱ्याला आमचा तमाशाचा फड निघाला की बुद्धपौर्णिमेपर्यंत आमचा संसार ट्रकमधीच, त्यात माळेगावच्या यात्रेची सुपारी घेतलेली अन् ऐन टायमाला पेटीचा, म्हंजे हार्मोनियमचा, भाता फाटला, म्हणून इथं आलो. दुकानवाल्या चाचांनी भाता उघडून चामडं बदललं, काळी चारचा (चौथ्या काळ्या पट्टीचा) सूर धुळीनं अडकायलता तो बी मोकळा केला, पैसे वाजवी. तमाशावाले म्हणून तोंड वाकडं केलं नाही, हे लई झालं बगा. घुंगरं मात्र तयार बेल्टावरची नका घेऊ, टाके उसवतात आन सुरवातीच्या गवळणीतच पितळ स्टेजभर सांडतं. सुती दोरीत एकेक गाठ मारून घ्या, येळ लागतो पण सीझन निघतो. पार्किंगचं विचारूच नका.