रेडिएटर गळतोय: चिकटवायचा, टाकी बदलायची की नवाच टाकायचा?

गाडीखाली हिरवं किंवा गुलाबी पाणी (म्हणजे कूलंट) दिसलं की तीन सल्ले हमखास मिळतात. शेजारचे काका म्हणतात, ‘एम-सील लाव, वर्षभर बघायला नको.’ गॅरेजवाला म्हणतो, ‘फक्त टाकी बदलू.’ शोरूममधून अख्ख्या रेडिएटरचं एस्टिमेट येतं. तिघांपैकी कुणी खोटं बोलतंच असं नाही, पण तिघांचे सल्ले तीन वेगळ्या बिघाडांना लागू पडतात. म्हणून किंमत विचारण्याआधी दोन गोष्टी पक्क्या करा: नेमकं काय फुटलंय, आणि तुमची गाडी घाट चढते का.

आधी गुन्हेगार तोच आहे ना?

गाडी तापते म्हणजे रेडिएटर गेला, असं नसतं. नाशिकमध्ये द्वारकेच्या सिग्नलला काटा वर चढतो आणि महामार्गाला लागल्यावर खाली येतो, तर संशय पंख्यावर घ्या. पंख्याची मोटर, रिले किंवा सेन्सर यांपैकी काहीतरी गेलेलं असतं. उलट गावात गाडी शांत आणि कसाऱ्याहून इगतपुरीकडे चढताना तापते, तर रेडिएटरच्या नळ्या आतून चोंदल्या असण्याची शक्यता जास्त, किंवा जाळी बाहेरून धुळीने बंद झालेली असते. निफाड-पिंपळगावकडे शेतरस्त्याने फिरणाऱ्या गाड्यांत एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत माती, भुसा आणि किडे यांचा थर बसतो. समोरून पाहिलं तर जाळी स्वच्छ दिसते, घाण मागच्या बाजूला असते. ती इंजिनाच्या बाजूने, साध्या नळाच्या धारेनं काढायची. वॉशिंग सेंटरचं प्रेशर जवळून मारलं तर पातळ पत्र्या आडव्या होतात आणि हवेची वाट कायमची बंद होते.

पाणी कमी होतंय पण बाहेर थेंब नाही, एक्झॉस्टमधून पांढरा धूर आणि ऑइल चहासारखं दुधाळ, अशी लक्षणं असतील तर प्रकरण हेड गॅस्केटचं, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधल्या सीलचं आहे. तिथे नव्या रेडिएटरवर घातलेले पैसे वाया जातील.

बाहेरची गळती शोधायला प्रेशर टेस्ट सांगा. हातपंपासारखं उपकरण झाकणाच्या जागी बसवतात, झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरतात आणि दहा-पंधरा मिनिटं काटा पडतो का ते बघतात. होजची (रबरी नळीची) क्लिप, वॉटर पंपाखालचं छोटं छिद्र, खालच्या टाकीचा कोपरा, जे गळत असेल ते समोर येतं. ही टेस्ट न करता ‘रेडिएटर गेला’ म्हणणाऱ्या गॅरेजमधून गाडी पुढे काढा.

डागडुजी

जुन्या जीपचा किंवा जुन्या ट्रॅक्टरचा रेडिएटर तांब्या-पितळेचा असेल तर प्रश्नच नाही. डाग देणारा कारागीर गाठा. तो टाकी उघडतो, नळ्यांतून सळई फिरवून क्षार काढतो, गळक्या जागी डाग देतो आणि हौदात बुडवून हवा भरून बुडबुडे तपासतो. नीट केलेलं काम वर्षानुवर्षं टिकतं. तांब्याचा चांगला रेडिएटर भंगारात घालून त्या जागी अ‍ॅल्युमिनियमचा बसवणं मला तरी पटत नाही.

आजकालच्या बहुतेक मोटारींत मात्र मधली जाळी अ‍ॅल्युमिनियमची आणि दोन्हीकडच्या टाक्या प्लॅस्टिकच्या असतात. दोन्हींच्या मध्ये रबरी गॅस्केट असतं आणि पत्र्याचे दात दुमडून ते घट्ट केलेलं असतं. इथे डाग चालत नाही. प्लॅस्टिक दर फेरीला तापतं, थंड होतं, काही वर्षांनी ठिसूळ होतं आणि बहुधा होजच्या तोंडाशीच तडकतं. तिथे लावलेलं एम-सील गाडी घरी आणण्यापुरतं ठीक. बंद यंत्रणेत सुमारे एक बार दाब असतो, आणि तापण्या-गार होण्याच्या चक्रात प्लॅस्टिक जेवढं हलतं तेवढा लेप हलत नाही. तो सुटायचाच, आणि सुटणार तो दाब सर्वांत जास्त असताना.

हळद टाकून गळती थांबवण्याचा ट्रक ड्रायव्हरांचा तोडगा किंवा बाजारातलं स्टॉप-लीक यांचंही तेच. बारीक छिद्र बुजतं, पण ते कण बारीक नळ्यांत आणि हीटरच्या जाळीतही बसतात. कसाऱ्यात अडकलात तर वापरा, घरी आल्यावर सगळं फ्लश करून घ्या.

टाकी बदलणे

हा मधला मार्ग, आणि लोक याकडे फार लवकर दुर्लक्ष करतात. जाळी शाबूत आहे, फक्त प्लॅस्टिकची टाकी तडकलीय किंवा गॅस्केटमधून झिरपतंय, तर दात उघडून नवी टाकी आणि नवं गॅस्केट बसवता येतं. खर्च नव्या रेडिएटरच्या बराच खाली राहतो. अटी दोन. तुमच्या मॉडेलची टाकी सुटी मिळायला हवी, आणि दात एकसारखे दाबणारा हात हवा. एकदा उघडलेले दात दुसऱ्यांदा दुमडताना तुटतात, त्यामुळे हे काम एका रेडिएटरवर एकदाच होतं असं धरून चाला. टाकी निघालेली असताना नळ्यांची तोंडं स्वतः डोळ्यांनी बघा. पांढरा-तपकिरी थर दिसला तर टाकीवर पैसे घालू नका.

नवा: लोकल की कंपनीचा?

जाळीच्याच नळीला गळती असेल, पत्र्या हाताने चुरगळत असतील किंवा आत क्षार जमला असेल, तर नवाच टाका. ऑटोमॅटिक गिअरच्या ज्या गाड्यांत गिअर ऑइलचा कूलर रेडिएटरच्या टाकीतच असतो, तिथे डागडुजीचा विचारही नको. आतला कूलर फुटला की ऑइल आणि कूलंट एकमेकांत मिसळतात आणि गिअरबॉक्सचं बिल रेडिएटरच्या कितीतरी पट येतं.

कंपनीच्या खोक्यातला आणि बाजारातला रेडिएटर यांत दरी वाटते तेवढी नेहमी नसते. सुब्रोस किंवा वडोदऱ्याची बँको यांसारख्या कंपन्या वाहन कारखान्यांना माल पुरवतात. अशा नावाचा रेडिएटर पक्क्या बिलावर आणि वॉरंटीसह मिळत असेल तर मी शोरूमच्या खोक्यासाठी जास्तीचे पैसे देणार नाही. अपवाद एकच: गाडी अजून वॉरंटीत असेल तर शोरूमबाहेर जाऊ नका.

बिननावाच्या मालापासून मात्र लांब राहा. दुकानात जुना आणि नवा शेजारी ठेवा. जाळीची जाडी मोजा, पत्र्या किती दाट आहेत ते पाहा, दोन्हींचं वजन हातात तोला. पातळ जाळीचा रेडिएटर कॉलेज रोड ते सातपूर एवढ्या फेरीत कधीच चुगली करणार नाही. चार माणसं, भरलेली डिकी, एसी चालू आणि एप्रिलची दुपार असताना घाट चढायला लागलात की उघडा पडेल. घाटात इंजिन जोर लावतं आणि वेग कमी असल्यानं समोरून हवा मिळत नाही, म्हणून सगळा भार जाळीवर आणि पंख्यावर येतो. जून 2025मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि बोगद्यामुळे बऱ्याच नाशिककरांचा कसारा टळला. पण सप्तशृंगी गड आणि सापुतारा आहेतच. गाडी वर्षभर शहरातच फिरत असेल तर टाकी बदलून भागेल. महिन्याला घाट असेल तर नव्याकडे झुका.

बोलेरोवाल्यांना एक सोय आहे. ही गाडी सातपूरच्या महिंद्राच्या कारखान्यात बनते आणि जिल्ह्यात रस्तोरस्ती दिसते, त्यामुळे तिचे सुटे भाग आणि तिच्यावर हात बसलेले मेकॅनिक शोधायला फार फिरावं लागत नाही. भंगारातून काढलेला ‘चांगला’ रेडिएटर मात्र कुठल्याच गाडीला नको. तो का निघाला, हे विकणाराही सांगू शकत नाही.

आत काय भरायचं?

‘कूलंट घातलं की गाडी उकळत नाही’ हे अर्धंच खरं आहे. नाशिकच्या उंचीवर साधं पाणी उघड्यावर साधारण 98 अंशांना उकळतं. एक बार दाबाचं झाकण नीट बसलं की तेच पाणी 120 अंशांच्या आसपासपर्यंत तग धरतं. निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकोल (कूलंटमधला मुख्य घटक) केल्यानं वर आठ-दहा अंशांचीच भर पडते. म्हणजे उकळणं रोखायचं मोठं काम काही शे रुपयांचं झाकण करतं. रेडिएटरबरोबर ते बदलाच. उष्णता वाहून नेण्यात तर साधं पाणी ग्लायकोलच्या मिश्रणापेक्षा सरस आहे.

मग कूलंट कशाला? गंज आणि क्षार यांसाठी. बोअरचं जड पाणी तापलं की त्यातला चुना नळ्यांत बसतो, आणि अ‍ॅल्युमिनियमला गंजापासून वाचवणारी रसायनं पाण्यात नसतात. तयार मिश्रण घ्या, नाहीतर कॉन्सन्ट्रेट डिस्टिल्ड पाण्यात मिसळा. रंगावर विसंबू नका. हिरवं, गुलाबी, नारिंगी हा ठरलेला नियम नाही, दोन कंपन्यांचं ‘हिरवं’ वेगळं असू शकतं. मॅन्युअलमध्ये लिहिलेला प्रकारच भरा. जुन्या धाटणीचं कूलंट साधारण दोन वर्षं टिकतं, ऑरगॅनिक अ‍ॅसिडवालं पाच वर्षांपर्यंत. दोन्ही मिसळली तर आत गाळ धरू शकतो.

मेकॅनिककडून गाडी घेताना एअर काढली का ते विचारा. हवा अडकून राहिली तर नवा रेडिएटरही पहिल्याच चढाला तापतो. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना लेव्हल बघा. थोडी उतरलेली असेल तर भरा, रोज उतरत असेल तर गाडी परत न्या. काढलेलं जुनं कूलंट अंगणात ओतू देऊ नका. ते चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं चाटतात. झाकण असलेल्या कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याकडेच ठेवायला सांगा.